‘समजावं म्हणून’ आणि ‘समजलं म्हणून’: इंग्रजीत हा फरक कुठे दिसतो?

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर लोक शेण आणि चिखल टाकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं घेऊन निघत, ही हकीकत पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. तीच इंग्रजीत सांगायची झाली, तर दोन वाक्यं लागतील.

‘पीपल थ्रू मड ॲट हर, सो हर सारी गॉट डर्टी.’ म्हणजे लोकांनी चिखल फेकला म्हणून लुगडं खराब झालं.

‘शी कॅरीड अनदर सारी सो दॅट शी कुड चेंज ॲट स्कूल.’ म्हणजे शाळेत गेल्यावर बदलता यावं म्हणून त्यांनी दुसरं लुगडं सोबत घेतलं.

मराठीत दोन्हीकडे ‘म्हणून’ आलं, इंग्रजीत दोन्हीकडे ‘सो’ आलं. पण पहिलं वाक्य घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे आणि दुसरं मनातल्या बेताबद्दल. पहिल्यात परिणाम आहे, दुसऱ्यात हेतू. आता हा फरक वाक्यात नेमका कुठे बसलाय? बरेच जण म्हणतील, ‘दॅट’मध्ये. तसं नाही. बोलताना ‘दॅट’ सर्रास गाळतात आणि अर्थाला धक्का लागत नाही. फरक आहे तो क्रियापदात. ‘गॉट’ म्हणजे झालं, विषय संपला. ‘कुड चेंज’मधलं ‘कुड’ सांगतं की बदलणं अजून व्हायचंय, सध्या फक्त त्याची सोय केली आहे.

‘कॅन, कुड, विल, वुड, मे, माइट’ या मंडळींना शाळेत मोडल म्हणतात. ‘सो’च्या पुढे मोडल आलं की बहुतेक वेळा हेतू समजायचा, साधं क्रियापद आलं की परिणाम. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहितोय, कारण हा फरक आधी कानाला कळायला हवा. स्पेलिंगचा इथे काही संबंध नाही.

मराठीत हे आपण रोज करतो

मराठी व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात उभयान्वयी अव्ययांचं प्रकरण काढून बघा. ‘परिणामबोधक’ या मथळ्याखाली ‘म्हणून’ सापडेल. चार ओळी खाली ‘उद्देशबोधक’ असा मथळा येईल, तिथे पुन्हा ‘म्हणून’. सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा जाच चांगला माहीत आहे. नुसतं अव्यय पाहून प्रकार सांगायला गेलं की उत्तर चुकतं. बघायचं असतं ते त्याच्या शेजारचं क्रियापद.

‘मला समजावं म्हणून सरांनी सावकाश सांगितलं.’ ‘सरांनी सावकाश सांगितलं म्हणून मला समजलं.’ पहिल्या वाक्यात ‘समजावं’ आहे, म्हणजे विध्यर्थ. मला समजलं की नाही, हे ते वाक्य सांगतच नाही. सरांनी बिचाऱ्यांनी सावकाश सांगितलं, एवढंच कळतं. दुसऱ्यात ‘समजलं’ आहे, तिथे शंकेला जागा नाही. थोडक्यात, जे काम इंग्रजीत ‘कॅन’ आणि ‘कुड’ करतात, ते मराठीत ‘-ावं’ करतं. दोन्ही भाषांत जोडणारा शब्द दुटप्पी आहे आणि निकाल क्रियापदाकडे आहे. मराठी माणसाला हा विषय मुळातून शिकायची गरज नाही. जे तोंडात आहे, ते फक्त ओळखायचंय.

मग अडतं कुठे? क्रमात. वरची दोन मराठी वाक्यं पुन्हा पाहा. परिणामाच्या वाक्यात आधी कारण येतं, मग ‘म्हणून’, मग निकाल. इंग्रजीत अगदी तसंच होतं: ‘द टीचर स्पोक स्लोली, सो आय अंडरस्टुड.’ हेतूच्या वाक्यात मात्र मराठी हेतू आधी सांगते आणि कृती नंतर. इंग्रजी उलटी चालते, आधी कोणी काय केलं ते, मग कशासाठी: ‘द टीचर स्पोक स्लोली सो दॅट आय कुड अंडरस्टँड.’

डोक्यातलं मराठी वाक्य सुरुवातीपासून उलटायला घेतलं की तोंडून येतं, ‘बिकॉज आय शुड अंडरस्टँड, दॅट्स व्हाय सर टोल्ड स्लोली.’ ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, पण वाक्य कशाबद्दल आहे हे त्याला शेवटी कळतं. यावर माझा तरी एकच इलाज आहे. हेतूचं वाक्य बोलायच्या आधी मनात विचारायचं, ‘केलं काय?’ त्याचं उत्तर पहिल्यांदा बोलून टाकायचं. हेतू मागून येऊ द्यायचा. मराठीतही ‘जेणेकरून’ वापरलं की हाच क्रम येतो: ‘सर सावकाश बोलले, जेणेकरून मला समजेल.’ ऑफिसातल्या मराठीत हल्ली ‘जेणेकरून’ जरा जास्तच बोकाळलंय. मला ते फारसं आवडत नाही, पण इंग्रजी वाक्य रचताना मनातल्या मनात त्याचा आधार घ्यायला हरकत नाही.

त्या तिरक्या वाक्यात आणखी एक गंमत आहे, ‘शुड’. शाळेत आपल्याला ‘-ावं’ म्हणजे ‘शुड’ असं घोकवलेलं असतं. ‘तू जावं’ म्हणजे ‘यू शुड गो’, हे बरोबरच आहे. पण ‘समजावं म्हणून’मधलं ‘-ावं’ सल्ला देत नाही, इच्छा सांगतं. जुन्या धाटणीच्या इंग्रजी गद्यात ‘सो दॅट ही शुड नो’ अशी वाक्यं भेटतात, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही. रोजच्या बोलण्यात मात्र ते अवघडलेलं वाटतं. तिथे ‘कॅन’ आणि ‘कुड’च चालतात.

‘कॅन’ की ‘विल’?

कोणतं मोडल घ्यायचं, हेही मराठी बऱ्यापैकी सांगते. मनातल्या वाक्यात ‘-ता यावं’ किंवा ‘-ता येईल’ असेल, तर ‘कॅन’. ‘आम्हाला आज काम संपवता यावं म्हणून फाइल पाठवा’ याचं ‘प्लीज सेंड द फाइल सो दॅट वी कॅन फिनिश टुडे.’ हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीतल्या दिवसभराच्या मेल काढल्या, तर हा साचा पानोपानी दिसेल. नुसतं ‘-ावं’ असेल आणि शक्य-अशक्यतेचा प्रश्न नसेल, तर ‘विल’: ‘आय विल टेक्स्ट हिम सो ही विल नो.’ त्याला कळावं, एवढंच. फक्त समजणं, दिसणं, ऐकू येणं या क्रिया इंग्रजीत ‘कॅन’लाच चिकटतात. मराठीत ‘दिसावं’ म्हटलं तरी इंग्रजीत ‘सो दॅट आय कॅन सी’च म्हणायचं.

‘मे’ आणि ‘माइट’ भाषणात, प्रार्थनेत आणि सरकारी पत्रात शोभतात. भाजीवाल्याशी बोलताना लागत नाहीत.

काळाचं गणित सोपं आहे. कृती आत्ताची किंवा पुढची असेल, तर ‘कॅन, विल’. कृती होऊन गेली असेल, तर ‘कुड, वुड’. याला एक पळवाट आहे आणि ती फार उपयोगी आहे. कृती झाली, पण हेतू अजून पुढ्यात उभा आहे, तेव्हा ‘कॅन’ राहू शकतं. पाहुण्यांना लोकेशन पाठवलंय, ते अजून चांदणी चौकात घोटाळतायत, आणि तुम्ही फोनवर सांगताय: ‘आय सेंट यू द लोकेशन सो दॅट यू कॅन फाइंड द हाउस.’ दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट शेजाऱ्याला सांगताना होईल, ‘आय सेंट देम द लोकेशन सो दॅट दे कुड फाइंड द हाउस.’ सापडलं का? ते या वाक्यात नाही. ते वेगळं सांगावं लागेल.

नको असलेली गोष्ट

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. १७३० साली वाड्याची पायाभरणी झाली. या उत्तरेकडच्या दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. हत्तीला धडक देऊन दार फोडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. इंग्रजीत: ‘दे पुट स्पाइक्स ऑन द गेट सो दॅट एलिफंट्स कुड नॉट ब्रेक इट डाउन.’ मराठीतलं ‘येऊ नये’ इथे ‘कुड नॉट’ झालं.

नकारात ‘कान्ट’ आणि ‘वोन्ट’ यांच्यात एक बारीक भेद आहे. दरवाजाला खिळे ठोकले की वाटच बंद होते, म्हणून ‘कुड नॉट’. पण चिवड्याचा डबा तुम्ही वरच्या फळीवर ठेवला, तो मुलं एका बैठकीत संपवतील या भीतीनं, तर ‘आय केप्ट इट ऑन द टॉप शेल्फ सो द किड्स वुडन्ट फिनिश इट.’ त्यांना संपवता येत नाही असं नाही, चांगलं येतं. संपवू नये, एवढीच इच्छा. ‘कुडन्ट रीच इट’ म्हटलं तर हात पोहोचू नये, ही वेगळी गोष्ट झाली. मराठीतही ‘संपवू नये’ आणि ‘हात पोहोचू नये’ ही दोन वाक्यं आपण एकमेकांत मिसळत नाही.

घाईच्या बोलण्यात नकाराला मोडलही लागत नाही: ‘सेट ॲन अलार्म सो यू डोन्ट मिस द बस.’ हे अगदी चालतं. ‘सो’पुढे साधं क्रियापद आलं म्हणजे परिणामच, असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद. सूचनेच्या वाक्यात अलार्म अजून लावलेलाच नसतो, त्यामुळे परिणाम झाला असल्याचा गैरसमज व्हायला वावच नाही.

कर्ता एकच असेल तर

कृती करणारा आणि हेतू साधणारा माणूस एकच असेल, तर मोडलची गरज नाही. नुसतं ‘टू’ पुरतं. ‘पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो’ हे ‘आय वेंट टू अप्पा बळवंत चौक टू बाय बुक्स.’ मराठीचं ‘-ायला’ आणि इंग्रजीचं ‘टू’ इथे नीट जुळतात. इथे ‘फॉर बायिंग बुक्स’ म्हणायची सवय आपल्याकडे फार आहे, ‘घेण्यासाठी’तल्या ‘साठी’मुळे. ‘फॉर’ आणि ‘-इंग’ची जोडी वस्तूचा उपयोग सांगायला ठेवायची: ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग व्हेजिटेबल्स.’ माणूस काही करायला निघाला, की ‘टू’.

कर्ता बदलला की ‘टू’ एकटं पडतं. मी पुस्तक आणलं, वाचणार बहीण: ‘आय बॉट द बुक सो दॅट माय सिस्टर कुड रीड इट.’ नकारातही नुसतं ‘नॉट टू’ लंगडं वाटतं. ‘उशीर होऊ नये म्हणून रिक्षा केली’ याला ‘आय टुक अ रिक्षा नॉट टू बी लेट’ म्हणण्यापेक्षा ‘सो ॲज नॉट टू बी लेट’ किंवा सरळ ‘सो आय वुडन्ट बी लेट’ म्हणावं. शेवटचं सगळ्यात बोलीतलं.

‘कुड’नं होणारा घोटाळा

आता ज्या जागेवर मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, ती जागा. पुण्यातल्या चांगल्या शिकलेल्या, कामात तरबेज माणसांचंही इंग्रजी इथे त्यांना दगा देतं.

मुंबईला जायचंय, पहाटे उठून स्टेशन गाठलं आणि सव्वासातची डेक्कन क्वीन मिळाली. मराठीत आपण म्हणतो, ‘लवकर निघालो म्हणून गाडी पकडता आली.’ ‘पकडता आली’ म्हणजे पकडली. हे इंग्रजीत नेताना ‘-ता आली’चं ‘कुड’ होतं: ‘आय लेफ्ट अर्ली, सो आय कुड कॅच द ट्रेन.’ इथे ऐकणारा अडखळतो. ‘कुड कॅच’ म्हणजे पकडायची सोय झाली. मग पकडली का? हेतूच्या वाक्यात ‘कुड’ ‘अजून घडलेलं नाही’ असं सुचवतं, हे आपण पाहिलं. तोच ‘कुड’ आपण इथे ‘घडलं’ असं सांगायला जुंपतो. मराठीतलं ‘-ता आलं’ घडलेलंच सांगतं. एकदाच घडलेल्या यशाबद्दल बोलताना इंग्रजी ‘कुड’ ते काम करत नाही.

म्हणून घडून गेलेल्या यशाला साधा भूतकाळ वापरावा: ‘सो आय कॉट द ट्रेन.’ खटपट झाली, धाप लागली, हेही सांगायचं असेल तर ‘सो आय मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’. नकारात ही अडचण नाही. ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ म्हणजे गाडी चुकली, त्याला दुसरा अर्थ नाही. आणि ‘लहानपणी मला पोहता यायचं’ अशा कायमच्या क्षमतेला ‘आय कुड स्विम’ अगदी बरोबर आहे. अडचण फक्त एकदाच जमलेल्या गोष्टीची.

मुलाखतीत हे महागात पडतं. उमेदवार अभिमानानं सांगतो, ‘आय चेंज्ड द प्रोसेस, सो वी कुड रिड्यूस द टाइम.’ त्याच्या मनात असतं, ‘वेळ कमी करता आला.’ समोरच्या परदेशी माणसाच्या कानावर पडतं, ‘वेळ कमी करता यावा म्हणून प्रोसेस बदलली.’ मग तो साहजिक विचारतो, ‘अँड डिड यू?’ उमेदवाराला वाटतं, हा माझ्यावर शंका घेतोय. खरं तर त्यानं जे ऐकलं, त्यावरचा तो रास्त प्रश्न असतो. ‘वी रिड्यूस्ड द टाइम’ म्हटलं असतं, तर प्रश्न आलाच नसता. बायोडेटात स्वतःच्या कामगिरीच्या ओळींत ‘कुड’ असेल, तर तिथे साधा भूतकाळ घालावा, असं मी आग्रहानं सांगेन.

‘वुड’चंही थोडं असंच होतं. नम्रपणा म्हणून आपण ‘आय वुड बी कमिंग टुमारो’ म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे ‘पण’ येणार: येणार होतो, पण काही अडचण आहे. येणार असाल तर ‘आय विल कम टुमारो’. त्यात उद्धटपणा काही नाही.

‘सो’ आणि ‘दॅट’ लांब गेले की

१२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. ‘द वॉटर रोज सो फास्ट दॅट पीपल कुड नॉट सेव्ह देअर थिंग्ज.’ पाणी इतक्या वेगानं चढलं की लोकांना सामान वाचवता आलं नाही.

इथे ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये ‘फास्ट’ येऊन बसला आणि हेतू नाहीसा झाला. आता हा ‘इतका… की’चा साचा आहे, निव्वळ परिणामाचा. यात मोडल आलं तरी अर्थ परिणामच राहतो. ‘कुड नॉट’ इथे खरोखर न जमलेल्या गोष्टीबद्दल आहे. ‘सो’ला ‘दॅट’ चिकटून आहे की लांब आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ काम होतं. विशेषणाबरोबर नाम असेल, तर ‘सो’च्या जागी ‘सच’ येतं: ‘सच अ बिग क्राउड दॅट वी कुड नॉट मूव्ह.’ विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून हे वाक्य पाठ करता येईल.

दहावीच्या पेपरात याचाच भाऊबंद भेटतो, ‘टू… टू’चं ‘सो… दॅट’ करा. ‘ही वॉज टू टायर्ड टू वॉक.’ उत्तर: ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक.’ मुलं ‘कॅनॉट’ लिहून मार्क घालवतात, कारण ‘वॉज’कडे त्यांचं लक्ष गेलेलं नसतं. याखेरीज त्यात अवघड काही नाही.

एक विचार मात्र करून बघा. ‘सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’ आणि ‘सो टायर्ड दॅट ही डिड नॉट वॉक’ यांत काय फरक? पहिल्यात चालवेना. दुसऱ्यात तो चालला नाही, कदाचित चालता आलंही असतं. ‘टू टायर्ड टू वॉक’ पहिल्याच्या जवळचं आहे, म्हणून उत्तरात ‘कुड’ येतं.

पाऊस येईल म्हणून

मराठीचं ‘म्हणून’ आणखी एक काम करतं. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.’ इथे ‘-ावं’ नाही, ‘-ईल’ आहे. पाऊस यावा ही इच्छा नाही, येईल ही धास्ती आहे. याला ‘सो दॅट’ लावलं तर मजा होते: ‘आय टुक ॲन अम्ब्रेला सो दॅट इट वुड रेन’ म्हणजे पाऊस पडावा म्हणून छत्री घेतली! जूनमधल्या पुणेकराचा अनुभव पाहता छत्री घेतली की पाऊस हमखास दडी मारतो, तेव्हा तेही खरं नाही.

धास्तीसाठी इंग्रजीत ‘इन केस’ आहे. ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स.’ आपल्याला ‘येईल’मुळे ‘इन केस इट विल रेन’ म्हणावंसं वाटतं, तो मोह टाळायचा. ‘इन केस’च्या पुढे ‘विल’ येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. भूतकाळात ‘इन केस इट रेन्ड’.

‘इफ’ आणि ‘इन केस’ यांची गल्लतही करू नये. ‘टेक ॲन अम्ब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस आला तर छत्री घे, नाहीतर राहू दे. ‘इन केस’मध्ये छत्री आधीच पिशवीत गेलेली असते. गोंधळ वाढवायला सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये पाटी असते, ‘इन केस ऑफ फायर डू नॉट यूज द लिफ्ट’. तिथे ‘इन केस ऑफ’ म्हणजे चक्क ‘आग लागल्यास’. ‘ऑफ’ आला की अर्थ ‘इफ’कडे झुकतो. या धास्तीसाठी जुन्या व्याकरणांत ‘लेस्ट’ही शिकवायचे, ‘लेस्ट यू शुड फेल’. परीक्षेत विचारलं तर लिहा, बोलताना त्याचं नाव काढू नका.

श्वास कुठे घ्यायचा

बोलताना ‘दॅट’ गळून पडतो, हे वर आलंच. मग ‘सो’ हेतूचा की परिणामाचा, हे ऐकणाऱ्याला कसं कळतं? क्रियापद सांगतंच, पण जिथे दोन्हीकडे ‘कुड’ बसू शकतो, तिथे श्वास सांगतो. ‘शी स्पोक लाउडली सो आय कुड हिअर’ हे एका दमात म्हटलं, तर मला ऐकू यावं म्हणून ती मोठ्यानं बोलली. ‘शी स्पोक लाउडली’ म्हणून किंचित थांबलात आणि मग ‘सो आय कुड हिअर’ म्हणालात, तर ती मोठ्यानं बोलली आणि मला ऐकू आलं. लिहिताना हे थांबणं स्वल्पविरामानं दाखवतात. ऐकणं, दिसणं, समजणं, आठवणं यांच्याबरोबर ‘कुड’ घडलेल्या गोष्टीलाही चालतो, म्हणून हा पेच याच क्रियापदांत येतो. डेक्कन क्वीन पकडण्याला ही सवलत नाही.

‘सो दॅट’ पूर्ण म्हटलं तरी आधी थांबून परिणाम सांगणारी वाक्यं लिखित इंग्रजीत सापडतात: ‘इट रेन्ड ऑल नाइट, सो दॅट द रोड वॉज अंडर वॉटर बाय मॉर्निंग.’ इथेही कौल क्रियापदाचाच. ‘वॉज’ आहे, म्हणजे झालं.

आता तीन वाक्यं तुमच्यासाठी. ‘आजीला चढता यावं म्हणून रिक्षावाल्यानं रिक्षा फुटपाथला लावली.’ कर्ता बदललाय आणि ‘-ता यावं’ आहे: ‘द ड्रायव्हर स्टॉप्ड क्लोज टू द फुटपाथ सो दॅट माय ग्रँडमदर कुड गेट इन.’ दुसरं, ‘पीएमपी आली नाही म्हणून आम्ही चालत गेलो.’ घडलेलं आहे, मोडल नको: ‘द बस डिडन्ट कम, सो वी वॉक्ड.’

तिसरं जरा चावट आहे. ‘पाहुणे येतील म्हणून पोहे जास्त केले.’ येणार हे नक्की असेल, तर ‘बिकॉज गेस्ट्स वेअर कमिंग’. आले तर आले, असं असेल तर ‘इन केस गेस्ट्स केम’. आणि पोह्यांच्या वासानं तरी कुणी यावं अशी आशा असेल, तर ‘होपिंग गेस्ट्स वुड कम’. मराठी वाक्यात या तिन्हींपैकी काय आहे ते लिहिलेलं नाही. पोहे करणाऱ्यालाच विचारायला लागेल.